साक्षीदार तुमचे कोण लागतात

आष्टीच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात मी वाढले. गेटाला लागून पत्र्याची एक खोली होती, तिच्यात आम्ही तिघं. त्याआधी आई आणि आबा दर साली ऊसतोडीला जायचे, मला बरोबर न्यायचे, आणि माझी शाळा अर्धं वर्ष बुडायची. जिनिंगच्या मालकांनी आबांना वॉचमन म्हणून ठेवलं तेव्हा आमचं जाणं थांबलं. मी वकील झाले त्याची सुरुवात तिथं आहे. हे मी कधी नाकारलं नाही, आणि मालकांनीही कधी विसरू दिलं नाही. सनद मिळाल्यावर त्यांनी मला ऑफिसात बोलावून हार घातला आणि बसलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या वॉचमनची पोरगी. आमच्याच आवारात वाढली." आबा दाराशी हात जोडून उभे होते. गळ्यातला हार काढावा की ठेवावा, मला समजेना.

पुढं मी बीडला ऑफिस थाटलं आणि कामगारांच्या केसेस घेऊ लागले. दवाखान्यातल्या आया, शाळांतले शिपाई, पेट्रोल पंपावरची माणसं. बहुतेकांचं गाऱ्हाणं सारखंच असायचं. एके दिवशी त्यांना तोंडी सांगितलेलं असायचं, उद्यापासून येऊ नको. कोर्टात मात्र मालक म्हणायचा की आम्ही काढलंच नाही, माणूस आपणहून यायचा बंद झाला. मग गेटावर अडवलं की नाही, एवढ्याच गोष्टीवर केस उभी राहायची.

एका सकाळी आईचा फोन आला. "तुझ्या आबानं काल दिवसभर भाकरीला हात लावला न्हाई."

"बरं नाही का?"

"तब्येतीला काय झालं न्हाई. मावशीला गेटावरून माघारी धाडलं म्हून. मालकाचा निरोप आलता, तिला आत सोडू नको. तू कुठं बोलू नको बरं."

मावशी म्हणजे जिनिंगमध्ये कापूस निवडणारी एक बाई. नात्याची नाही, पण माझ्या लहानपणी आईला ताप असला की माझी वेणी तीच घालायची. जिनिंगमधल्या बायकांच्या संडासाला दार नव्हतं, गोणपाट लावलेलं होतं. मालक पाहुण्यांना जिनिंग दाखवत होते तेव्हा मावशीनं सगळ्यांसमोर दार मागितलं. पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी तिला गेट बंद झालं.

पंधरवडा उलटायच्या आत ती माझ्या ऑफिसात आली. बाकावर न बसता भिंतीला टेकून खाली बसली.

"पोरी, राग धरू नको," ती म्हणाली. "गेटावर तुझे आबाच व्हते."

"मला माहीत आहे, मावशी."

"त्यांनी वर बघितलं न्हाई माझ्याकडं. नुसतं म्हनले, जा बाई घरी."

मी केस घेतली. आबांचं नाव मध्ये येणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. मालकांकडं मॅनेजर होता, मुकादम होता, साक्षीला माणसांची वाण नव्हती. पण त्यांनी आबांनाच आणायचं ठरवलं. त्यांच्या वकिलानं कोर्टाच्या व्हरांड्यात मला शपथपत्राची प्रत दिली आणि नजर चुकवली. आबांच्या तोंडी आमच्या वकिली मराठीतलं वाक्य घातलेलं होतं: सदर महिलेने स्वेच्छेने कामावर येणे बंद केले, मी तिला कधीही अडविलेले नाही.

मी मावशीला सांगितलं की आता तू दुसरा वकील बघ, मी ओळखीच्या एकाशी बोलते.

ती म्हणाली, "दुसरा तुझ्या आबाला फाडून खाईल की गं. तू इचारलंस तर जरा नीट इचारशील. आन तू सोडलीस तर लोक म्हनतील, पोरगी बापाच्या बाजूनं गेली."

केस माझ्याकडंच राहिली. घरी मी हे काढलं नाही. मधल्या काळात दोनदा जाऊन आले. आबा कापसाच्या भावाविषयी बोलले, आईनं पिठलं केलं. जेवताना तिघंही ताटात बघत होतो.

साक्षीच्या दिवशी मी चालत कोर्टात पोचले तेव्हा फाटकासमोर मालकांची गाडी थांबली. मागच्या सीटवरून आबा उतरले. अंगावर नवा कोरा सदरा, घड्या न मोडलेला. गाडीचं दार लावणं त्यांना जमेना. ड्रायव्हरनं "राहू द्या हो" म्हणून आतून ओढून घेतलं. व्हरांड्यात पाच-सहा वकील उभे होते. मी फायलीत डोकं घातलं. तो माणूस माझा कोणी नाही असं त्यांना वाटावं, एवढीच त्या वेळी माझी इच्छा होती, आणि ती इच्छा कळल्यावर तोंड कुठं लपवावं असं झालं.

आबांनी शपथ घेतली. न्यायाधीशांनी शपथपत्रावरचं आडनाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

"साक्षीदार तुमचे कोण लागतात?"

"वडील."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी विचारलं, उलटतपास तुम्हीच घेणार का? मावशीनं मान डोलावली. मी हो म्हटलं.

"गेटातून कुणाला आत सोडायचं, हे कोण ठरवतं?" मी सुरुवात केली.

"मालक, मॅडम."

आबांनी मला मॅडम म्हटलं. त्यांना तसं शिकवून आणलं असेल, किंवा ते कोर्टातल्या सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. हात त्यांचे कठड्यावर जोडलेले होते.

"तुम्ही स्वतःच्या मनानं कधी कुणाला अडवलं आहे का?"

"मी कावून अडवू? माझं काय जातंय?"

"मालकांनी सांगितलं तर?"

"तर अडवावंच लागतं."

"या बाईंना अडवायला सांगितलं होतं का?"

आबांनी बाकावर बसलेल्या मॅनेजरकडं बघितलं. तो खिडकीकडं बघत होता. "न्हाई मॅडम," आबा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही. आवाज बारीक होतो आणि शेवटचा शब्द आतच राहतो. टायपिस्टनं विचारलं, काय म्हणाले? न्यायाधीशांनी सांगितलं, नाही म्हणाले.

आता माझ्याकडं एकच प्रश्न उरला होता, आणि तो फायलीतला नव्हता. तो मी आईच्या फोनवरून आणला होता.

"त्या दिवशी तुम्ही जेवला होता का?"

समोरचे वकील उठले, याचा केसशी काय संबंध? न्यायाधीश म्हणाले, विचारू द्या.

आबांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. ही गोष्ट मला कुठून कळली, ते त्यांना समजलं. आईनं सांगितलं, हे समजलं.

"न्हाई."

"कावून आबा?"

असं मला म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. आणि कदाचित त्यामुळंच त्यांनी घरात द्यावं तसं उत्तर दिलं.

"बाईला माघारी धाडलं म्हून. घास उतरंना."

टायपिस्टच्या बोटांचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. मी म्हटलं, मला आणखी काही विचारायचं नाही. बाहेर आले तर एका ज्येष्ठ वकिलांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "काय प्रश्न काढलास! दहा वर्षं लागतात असा प्रश्न सुचायला." मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले. परत आले तोवर मालकांची गाडी निघून गेली होती. आबांना ते मागंच सोडून गेले होते. मावशी आणि आबा एसटी स्टँडच्या दिशेनं चालले होते, मावशी पुढं आणि आबा चार पावलं मागं. मी हाक मारली नाही.

मावशीला परत कामावर घेण्याचा आदेश झाला. मालकांनी आबांना काढलं नाही. त्यांनी फक्त गेटावर दुसरा माणूस ठेवला आणि आबांना दिवसभर त्याच्याजवळच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. ते आबांना सोसलं नाही. आई आणि ते बीडला माझ्याकडं आले. मी म्हटलं, हेही बेकायदेशीर आहे, मी तुमची केस लढते. आबा म्हणाले, "एकदा उभा राह्यलो, बास झालं." आई माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलायची. मुलीला फोनवर काय सांगावं आणि काय नाही, याचा ती आता विचार करते. बोलता बोलता मध्येच थांबते, ते मला कळतं.

यंदा अंबाजोगाईहून बोलावणं आलं, कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर उलटतपासावर बोलायला. त्या प्रश्नाची गोष्ट तिथवर पोचली होती. एका मुलीनं उठून विचारलंच, मॅडम, तो जेवणाचा प्रश्न तुम्हाला कसा सुचला? सगळी मुलं पेन सरसावून बसली. मी म्हटलं, साक्षीदाराची माहिती आधी गोळा करावी लागते. त्यांनी ते लिहून घेतलं. मग मी भलत्याच एका केसबद्दल बोलत राहिले, वेळ संपेपर्यंत.

घरी आले तेव्हा आबा दारात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते.

"पोरं ऐकत व्हती का?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"कायदा," मी म्हटलं, आणि चप्पल काढून आत गेले.