सरांचे साडेतीन तास

ज्याच्यावर सूड उगवायचा त्याच माणसाबरोबर नदीकाठानं दिवसभर चालावं लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं. पण चालले. आणि खोटं कशाला बोलू, मजेत चालले.

आमच्या घरात मेंढरं. बाप, आजा, चुलते, सगळे पूर्णेच्या काठानं मेंढरं फिरवणारे. कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना माझा आवाज जरा मोठा निघतो. निघू दे.

बी.ए.ला मी भूगोल घेतला. आमच्या सरांनी एकदा वर्गात सर्व्हेचा नकाशा पसरला, येलदरी धरणाच्या खालचा पूर्णाकाठ. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत नदीच्या कडेनं दोरा ठेवला, दोरा मोजला आणि म्हणाले, "चौदा किलोमीटर. माणूस ताशी चार किलोमीटर चालतो. सांगा, किती वेळ?"

सगळे एका सुरात ओरडले, "साडेतीन तास!"

मी हात वर केला. "सर, त्या वाटेला सहा तास तरी लागतात."

"का गं?"

"मधे चार ओढे आहेत. नदीला मिळतात तिथं खोल कापलेत, उतरता येत नाही. प्रत्येक ओढ्याला आत वर जाऊन ओलांडावं लागतं आणि पुन्हा काठाला यावं लागतं."

सर हसले. "तुझ्या मेंढरांना लागत असतील सहा तास. आपण माणसं आहोत."

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी 'ब्यॅऽऽ' केलं. सरांनी त्याला गप्प केलं नाही. ते स्वतःच रुमालानं डोळे पुसत होते, इतकं हसू आलं होतं त्यांना. पदवी हातात पडेपर्यंत ते 'ब्यॅऽऽ' माझ्या मागं होतं. जिन्यात, कॅन्टीनपाशी, निकालाच्या दिवशीसुद्धा. त्या गावाला आमची सहल गेली ती ट्रॅक्टरनं, डांबरी रस्त्यानं. त्यामुळे खरं कोण होतं, ते ठरलंच नाही.

मी मात्र ठरवून ठेवलं होतं.

वाट किती लांब आहे, हे माझ्या बापानं कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं तर ते उलट विचारायचे, "मदी बसायचं किती येळा?" मग ओढे किती, कालव्याला पाणी सुटलंय का, कोणाच्या रानात ऊस उभा हाय, बरोबर म्हातारं माणूस हाय का, हे सगळं काढून घ्यायचे. शेवटी आभाळाकडं बोट करायचे, "दिस हितं आला की पोचशीन." त्यांचं बोट चुकलेलं मी पाहिलं नाही. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात असं बोट नव्हतं.

आता मी गंगाखेडला भूगोल शिकवते. गेल्या हिवाळ्यात त्याच सरांचा फोन आला. सर निवृत्त झाले होते आणि चालणाऱ्यांचा एक गट काढून बसले होते. येलदरीच्या धरणापासून पूर्णेच्या काठाकाठानं, पूर्णा गोदावरीला मिळते तिथपर्यंत पायी जायचं. वीस-एक माणसं, बहुतेक शहरातली. "तू तिकडचीच ना? ये. आणि एवढं वेळापत्रक बघून घे."

मोबाइलवर वेळापत्रक आलं. तिसऱ्या दिवसावर माझं बोट थांबलं. तीच दोन गावं. चौदा किलोमीटर. सकाळी साडेसातला निघणे, अकराला जेवण.

साडेतीन तास! दोरासुद्धा तोच असेल.

शिवाय त्या आठवड्यात कालव्याची पाळी चालू होती. म्हणजे गव्हा-हरभऱ्याला पाणी सोडलेलं, काठची काळी रानं भिजलेली. आमच्या भिजलेल्या मातीत बूट घालून चालायचं म्हणजे दर पावलाला बूट मोठा होत जातो. आमचे लोक अशा वेळी चपला हातात घेतात. सहाचे साडेसात तास होणार, हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळलं.

सांगू शकले असते. दोन ओळींचं काम होतं. मी लिहिलं, 'सर, आपण केलंय म्हणजे बरोबरच असणार.' आणि जिथं जेवण होतं त्या गावच्या, भाकरी करणाऱ्या ओळखीच्या काकूंना फोन लावला. "काकू, भाकरी अकराला टाकू नका. अडीचला चूल पेटवा. आम्ही तीनला येऊ."

"तीनला? ते सर तं अकरा म्हन्ले व्हते."

"म्हणू द्या."

त्या दिवशी सर सगळ्यांच्या पुढं. हातात काठी, गळ्यात शिट्टी. पहिला ओढा आला. सर काठावर थांबून खाली बघत राहिले. तीन पुरुष खोल कापलेली दरड. आत वर जाऊन, बाभळीतून वाट काढून, पलीकडून परत नदीला येईस्तोवर पाऊण तास गेला. सर म्हणाले, "एवढाच अवघड होता. आता सपाट."

सपाट म्हणजे भिजलेलं हरभऱ्याचं रान. दहा पावलांत सगळ्यांचे बूट हत्तीच्या पायाएवढे झाले. मी चपला काढून हातात घेतल्या.

अकरा वाजले तेव्हा आम्ही दुसऱ्या ओढ्यात होतो. कोणीतरी विचारलं, "सर, अजून किती?"

"अर्धा तास."

बारा वाजता, "आता हे काय, अर्धा तास."

सव्वाला तिसऱ्या ओढ्यावर आम्ही चढत होतो तेव्हा तोच प्रश्न आला आणि सरांनी नुसती मान हलवली. शिट्टी खिशात गेली होती. सर पुढून मधे आले, मधून मागं आले, आणि शेवटी माझ्या बरोबरीला आले. धापा टाकत म्हणाले, "तुला काय वाटतं गं, किती राहिलं?"

"तुमचं काय म्हणणं आहे, सर?"

ते काठीनं बुटाचा चिखल खरवडायला लागले. ती मजा मी चौथा ओढा पार होईस्तोवर चाखली.

आमच्यात संभाजीनगरहून आलेल्या एक बाई होत्या, साठीच्या. नवे बूट, टाचा सोललेल्या. त्या दर बांधावर बसायच्या आणि उठताना ओठ दाबायच्या. त्यांच्या पायांचं मला वाईट वाटलं. सरांच्या पायांचं नाही.

तीनला पाच कमी असताना आम्ही गावात शिरलो. काकूंच्या अंगणात गरम भाकरी, पिठलं, ठेचा. सगळे धावले. कोणीतरी म्हणालं, "काकू, आमच्यामुळं तुम्हाला चार तास ताटकळावं लागलं."

"न्हाई बा. ताईनं फोनवर तीनच सांगितले व्हते. आत्ताच तं टाकल्या भाकरी."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सगळ्यात आधी सावरले ते सर. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "बघा! माझी विद्यार्थिनी. मीच शिकवलंय हिला."

तेवढ्यात त्या बाईंनी विचारलं, अगदी हळू, "तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?"

खोटं बोलावं असं वाटलं नाही. मी सगळं सांगितलं. दोरा, ताशी चार किलोमीटर, मेंढरं, 'ब्यॅऽऽ', आणि डोळे पुसणारा रुमाल. "आणि हे सरांनी शिकवलेलं नाही," मी म्हणाले. "ही वाट माझ्या बापानं शिकवली. कॉलेजात शिकवली ती साडेतीन तासांची होती."

"अगं, चेष्टा होती ती," सर म्हणाले.

"तीन वर्षं, सर?"

काकूंची भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला. बाई टाचेला कापसाची पट्टी लावत म्हणाल्या, "तुमचं भांडण तुमच्यात होतं. पाय माझे सोलले." मी त्यांची माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही. शेवटच्या दिवसापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

जेवणं झाल्यावर कोणीतरी विषय काढला, उद्याची वेळ कोण ठरवणार? सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी सांगते," मी म्हणाले. "सर लिहून घेतील."

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. कोणी त्यांच्या मदतीला आलं नाही. त्यांनी वही काढली. मी काकूंना विचारत गेले, कोणत्या ओढ्याला पाणी आहे, कोणाचा ऊस तुटलाय, कोणाचं रान भिजलंय. मग सावकाश, वर्गात सांगतात तसं, एकेक टप्पा सांगत गेले. सरांचं अक्षर पूर्वीसारखंच सुरेख होतं. एका ठिकाणी ते थांबले, "एवढा वेळ?"

"लिहा, सर."

दुसऱ्या दिवशी पुढं मी होते. बाईंची पिशवी माझ्या पाठीवर होती. त्यांनी ती काकूंमार्फत माझ्याकडं दिली होती. दहाच्या सुमाराला मागून सरांचा आवाज आला, पार दमलेला. "अजून किती गं?"

थोडं कमी सांगितलं असतं तर त्यांच्या पायांना बळ आलं असतं. दुसऱ्या कोणाला मी कमीच सांगितलं असतं.

"साडेचार तास," मी मागं न बघता म्हणाले, आणि चालत राहिले.