तंबाखूतून काढलेले पैसे

माझ्या म्युच्युअल फंडातले काही पैसे एका तंबाखू कंपनीत लागलेत, हे लातूरच्या एजंटनं मला सहज बोलता बोलता सांगितलं. त्याच वर्षी तंबाखूपायी माझ्या थोरल्या भावाचा अर्धा जबडा काढावा लागला होता. मी लगेच पैसे काढले आणि दारू-तंबाखूच्या वाटेला न जाणाऱ्या फंडात टाकले. फार बरं वाटलं.

हे दादाला सांगायला औशाला गेलो. तो त्याच्या किराणा दुकानात बसला होता आणि डोक्यावर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. माझ्यासमोरच त्यानं गिऱ्हाइकाला एक पुडी तोडून दिली.

"दादा, अजून हे विकतोस?"

त्याचं बोलणं आता नीट कळत नाही, म्हणून वहिनीच म्हणाल्या, "पुडी न्हाई ठिवली तर गिऱ्हाईक साखरेलाबी येत न्हाई, भावजी. ह्यांची औषधं कशानं आणायची?"

"मी देतो ना."

दादानं हातानंच नको म्हटलं.

फंडाचं मी सांगितलंच नाही. परतताना एसटीत विचार करत राहिलो. पैसे काढले ते चुकलं असं वाटत नव्हतं, पण दादा चुकतोय असंही म्हणवेना. अजूनही म्हणवत नाही.