अक्कांची झाकली मूठ

माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील. बातमी आली तेव्हा मी पिरंगुटच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली..." जुडी हातात तशीच धरून मी उभी राहिले. रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की आता देवळात माणसं मावायची नाहीत. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की माझ्या वेळी एवढी येतील का? गेलेल्या माणसाच्या आठवणी लिहिताना असलं काही लिहू नये हे मला कळतं. पण अक्कांबद्दल खरं लिहायचं तर माझ्या मत्सरापासूनच सुरुवात करावी लागेल. तीस वर्षं मी त्यांना फार जवळून पाहिलं, आणि बहुतेक वेळा ते याच डोळ्यांनी.

माणसं मावली नाहीतच. देवळाच्या आवारात, बाहेर रस्त्यावर, पार पिठाच्या गिरणीपर्यंत उभी होती. आमचं देऊळ म्हणजे घोटावड्याकडच्या रस्त्यावरचं पत्र्याचं साधं चर्च. आम्ही ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतो. काही जुनी घरं आमची, बाकीची नगर, जालन्याकडून कंपन्यांत कामाला आलेली. त्या दिवशी मात्र गावातली शेतकरी घरं होती, चाळीतल्या भाडेकरू बायका होत्या, आणि त्यातल्या कितीतरी जणींना मी ओळखतही नव्हते. त्या रडत होत्या आणि का रडत होत्या ते कोणी कोणाला सांगत नव्हतं.

अक्कांचं नाव मार्था. माहेर जवळच्याच भरे गावचं, शिक्षण चौथीपर्यंत. मी पुण्याहून लग्न होऊन आले ती डी.एड. करून, पेटी वाजवता येणारी, शास्त्रपाठ अडखळल्याशिवाय वाचणारी सून. माझी अशी समजूत होती की देवळाच्या मंडळीत आता माझी वाट पाहत असतील. पहिल्याच रविवारी उपासनेआधी तीन बायकांनी मला विचारलं, "अक्का आल्या न्हाईत का?" कारण देवळातल्या मागच्या खोलीची किल्ली अक्कांच्या कमरेला असायची. त्या खोलीत तांदळाचं पिंप होतं. भात टाकायच्या आधी प्रत्येक घरची बाई एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवायची आणि रविवारी तो देवळात आणून पिंपात ओतायची. ज्याच्या घरी चूल अडली असेल त्याला त्यातून जायचं. कोणाला द्यायचं ते अक्का ठरवायच्या. कसं द्यायचं तेही. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. नवरा अंथरुणाला खिळलेल्या एका बाईच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आगं, पावसाळ्यात तुज्याकडनं उसना तांदूळ नेला व्हता, त्यो द्यायचा ऱ्हायलाय बग." त्या बाईनं आयुष्यात कधी कोणाला तांदूळ उसना दिला नसेल. तिनं पिशवी घेतली आणि मान हलवली, जणू तिलाही आठवलं. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "अक्का, हे खोटं बोलणं नाही का?" त्या म्हणाल्या, "व्हय, हाय की." आणि चालत राहिल्या.

मी दिलं नाही असं नाही. रस्त्याकडची जमीन विकली तेव्हा आम्ही देवळाला तीन पंखे दिले, पात्यांवर सासऱ्यांचं आणि आमचं नाव घालून. पंखे फिरत असले की नाव वाचता येत नाही, आणि थंडीत बंद असले की वर कोणी बघत नाही. कापणीच्या सणाला आपापल्या शेतातलं काहीतरी अर्पण आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी एका वर्षी आंबेमोहोराची टोपली नेली, वर झेंडूची माळ, कडेला रेशमी कापड. अक्कांनी परड्यातला एक वाकडा दुधी आणला. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तो वर धरला मात्र, माणसांनी हसत हसत चढाओढ लावली. "अक्कांचा दुधी हाय, सोडू नगा." माझी टोपली शेवटी आमच्या ह्यांनीच घेतली. घरी आल्यावर मी तो तांदूळ महिनाभर शिजवला नाही.

पाचेक वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले. मनात बरेच दिवस घोळत होतं, शब्दही तयार होते. म्हटलं, तांदूळ सगळ्यांचा आहे, तेव्हा तो कोणाकोणाला जातो त्यांची नावं सर्वांसमोर वाचली जावीत. काही जणींनी माना डोलावल्या. वाजवीच होतं ते. अक्का खाली बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ...

"इजया, नावं वाचाय न्हाई यायची," त्या म्हणाल्या. "मी यादीच केली न्हाई."

"मग विश्वास कशावर ठेवायचा?"

अक्कांनी कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "न्हाई बसत तर ऱ्हाऊ दे. पर नाव मी कुनाचं घ्यायची न्हाई."

किल्ली माझ्याकडे आली. मी वही घातली, नाव, पत्ता, गरज काय ते लिहून खाली सही. चार महिन्यांत पिंप काठोकाठ भरलं आणि मागायला कोणी आलं नाही. मला आधी वाटलं, बघा, गरज नव्हतीच. मग तांदळात पोरकिडे झाले. एका दुपारी मी एकटी सूप घेऊन बसले होते, तर अक्का न बोलावता आल्या, दुसरं सूप घेतलं आणि समोर बसल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही तांदूळ पाखडला. मी वाट बघत होते की आता काही बोलतील. एक टोमणा मारला असता तर मला केवढं बरं वाटलं असतं! त्या फक्त म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला घालत जा, किडं धरत न्हाईत." पुढच्या रविवारी मी किल्ली पाळकसाहेबांकडे दिली आणि त्यांनी ती अक्कांना दिली.

मातीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही अक्कांच्याच घरी होतो. चहाचे कप विसळताना माझी मुलगी रूथ एकाएकी ओक्साबोक्शी रडायला लागली. ती जांबे गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. जावई हिंजवडीत कामाला. मी म्हटलं, "इतकी का रडतेस? वय झालं होतं त्यांचं."

तेव्हा तिनं सांगितलं. मी बैठकीत नावं मागितली त्या वर्षी जावयाची नोकरी गेली होती. सात-आठ महिने. मला दोघांनी सांगितलं होतं की तो घरून काम करतो. अक्का एकदा सहज म्हणून गेल्या, स्वयंपाकघरात गेल्या, डबा उघडून पाहिला आणि काही न विचारता झाकण लावलं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ही बाई, गुडघे दुखत असताना, दोन टमटम बदलून तांदूळ घेऊन जायची. किल्ली माझ्याकडे होती ते चार महिने स्वतःच्या घरचा.

"माझ्याकडे का नाही आलीस?" मी विचारलं.

"तू दिलं असतंस गं आई. भरपूर दिलं असतंस." रूथ कप पुसत राहिली. "पण पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये आमचं नाव आलं असतं."

ते आलंच असतं. मी स्वतः देवळात उभी राहून, डोळे मिटून, गहिवरून ते सांगितलं असतं.

अशा वेळी माणसाला कृतज्ञता वाटावी. मला आधी राग आला. माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात, माझ्या जागी, त्या उभ्या होत्या. बैठकीत मी त्यांना विश्वासाबद्दल विचारत होते तेव्हा माझ्याच घरची अब्रू त्यांच्या तोंडात होती. त्यांनी ती गिळली आणि किल्ली काढून दिली. गेलेल्या बाईचा हेवा करून काही उपयोग नसतो, तिला आता हरवता येत नाही. तरी मी करते. रूथ कोणाची तरी आठवण काढून रडते, आणि ती मी नसते, हे अजून टोचतं.

किल्ली पुन्हा माझ्याकडे आली आहे. मी मागितली नव्हती. बायकाच म्हणाल्या, "बाई, आता तुमीच." गेल्या रविवारी उपासना संपून सगळे पांगल्यावर एक बाई फाटकाशी आली, पदराखाली रिकामी पिशवी. "अक्का हायेत का?" तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं. ती जायला वळली, तशी मी म्हटलं, "थांबा." पिशवी भरताना 'नाव काय तुमचं, कुठं राहता' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पिशवीचं तोंड बांधून तिच्या हातात दिली, एवढंच.

घरापर्यंत चालत येताना मला इतका आनंद झाला होता की कधी एकदा कोणाला तरी सांगते असं झालं. ह्यांना सांगितलं नाही. रूथला फोन लावला, आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. अक्का तर कोणालाच सांगायच्या नाहीत... मला आठ दिवससुद्धा निभलं नाही, आज इथं लिहून बसले. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही हे बरंच झालं. कळलं असतं, तर तेही लिहिलं असतं.