हातावर दोन बेदाणे

मार्केट यार्डातल्या सुक्या मेव्याच्या त्या दुकानात वेणूबाई तीस वर्षं पोत्यांमागच्या स्टुलावर बसत. गिऱ्हाईक आलं, की आधी हातावर दोन बेदाणे, मग भाव! स्वतः चाखल्याशिवाय कुणाच्या हातावर काही ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम.

मालकांची लेक ऋतुजा दुकानात आली आणि सगळा देखावाच पालटला. पोती गेली, चकचकीत पाकिटं आली. पेरीपेरी काजू, पानाच्या चवीचे पिस्ते, आणि आता मिसळ मसाल्याचे बदाम! बंद पाकिटापुढे वेणूबाईंचं काय काम?

"मावशी, एक तारखेपासून घरी आराम करा," ऋतुजा लाडानं म्हणाली. वेणूबाईंना तो आराम शिक्षेसारखा लागला.

त्या मंगळवारी दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपनीचे राकेश बदामांची चव बघायला आले.

"मावशी, तुमच्याच हातानं द्या," ऋतुजा म्हणाली.

नेमकी अंगारकी! कडक उपास, आणि मसाल्यात कांदा-लसूण. तीस वर्षांत पहिल्यांदाच वेणूबाईंनी न चाखलेली वस्तू दुसऱ्याच्या हातावर ठेवली.

राकेश आधी हसले. मग लाल झाले. मग "आई गं!" करत वजनकाट्याभोवती गरगर फिरले. ऋतुजानंही एक तोंडात टाकला. तिच्या शिंकांनी पाकिटं घरंगळली. बघायला आलेल्या दोन हमालांनी हौसेनं चव घेतली आणि तेही थयथय नाचू लागले.

"मसाला किती घातलास गं?" वेणूबाईंनी ऋतुजाला विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, चार मुठी!"

"अगं, पोत्याला! पाच किलोला नव्हे!"

वेणूबाईंनी कमरेची पिशवी सोडली. फराळाचे बेदाणे होते. "हात पुढे!" प्रत्येकाला दोन-दोन. राकेशनी डोळे मिटून चघळले. नाचणं थांबलं.

"आता पुन्हा तो बदाम द्या बरं," ते म्हणाले.

बदाम, बेदाणा, बदाम, बेदाणा! डोळ्यांतून पाणी, तोंडात हसू, आणि हात आपला पुढेच.

"माल घेतो," राकेश नाक पुसत म्हणाले, "पण तिखट निम्मं करा, प्रत्येक पाकिटाला बेदाण्यांची पुडी जोडा, आणि दर घाणा आधी या मावशींनी चाखायचा."

ऋतुजानं धावत जाऊन गोदामात टाकलेलं स्टूल आणलं, ओढणीनं पुसलं. "बसा मावशी! आराम रद्द! नवा मसाला कालवते, लगेच चाखा!"

वेणूबाई ऐटीत बसल्या.

"उद्या," त्या म्हणाल्या. "आज उपास आहे. न चाखता देऊन एक नेम मोडला, तेवढा पुरे झाला."