मांडवातलं पिठलं

तेव्हा कोकणातल्या रस्त्यांवर मोटार क्वचित दिसे आणि सायकलला तंबू बांधून हिंडणाऱ्या मला लोक वेडाच समजत. खेडहून केळशीला पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. तंबू ठोकायला जागा विचारली, तर एका म्हाताऱ्याने माझ्या हातातली सायकलच काढून घेतली.

"तंबू कशाला? मांडव उभा हाय की."

अंगणात झावळ्यांचा हिरवागार मांडव होता, आंब्याच्या पानांचं तोरण होतं. म्हातारा एका खांबाला हात लावी, काढी, पुन्हा लावी. घर अगदी गप्प होतं. लग्नघरची माणसं दमली असतील, असं मला वाटलं. शेजारची बाई दोन झाकलेली पातेली ठेवून गेली. म्हाताऱ्याने माझ्यापुढे केळीचं पान मांडून त्यातलाच पिठलं-भात वाढला.

मी भुकेला, त्यात वाचाळ. हसत म्हणालो, "काय बाबा, लग्नाच्या मांडवात पिठलं?"

बोलून गेलो आणि घास हातातच राहिला. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारीच पिठलं-भात आणून देतात.

"उद्या लगीन होतं पोराचं," तो म्हणाला. "काल मांडवाला चार झावळ्या कमी पडल्या, त्या काढताना माडावरनं पडला. आज दुपारी पोचवून आलो."

मी पानावरून उठू लागलो. त्याने खांदा दाबून मला खाली बसवलं.

"बस. मांडवातनं कुणीतरी जेवून उठू दे."

आणि वरबापाने पंगतीत करावा तसा आग्रह करून त्याने मला पुन्हा भात वाढला.