पोरगी मी स्वतः मांडीवर ठेवली

दार सताड उघडं आणि पोरगी घरात नाही.

हातातली कपड्यांची बास्केट मी तिथंच टाकली, धुतलेले कपडे दारात पसरले. सोफा बघितला, सोफ्याच्या मागं बघितलं, बाथरूम, कपाट, गादीच्या पलीकडं. ओव्हनसुद्धा उघडून बघितला, आता काय सांगू, डोकं चालतच नाही माणसाचं अशा वेळी. नाही म्हणजे नाहीच. दुधाची बाटली टेबलवर, एक मोजा खाली कार्पेटवर. आणि त्या दोघी पण नाहीत. ज्यांच्याजवळ तिला ठेवून मी खाली गेले होते त्या दोघी, चर्चच्या सिस्टर.

माझी पोर वर्षाची पण नाही झाली. रांगते फक्त. कोणी उचलल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊच शकत नाही, हे मला कळत होतं. म्हणजे कुणीतरी उचललीच.

जिन्याच्या कठड्याला धरून मी ओरडले. मराठीतच ओरडले. "माझी पोरगी! कुठं नेली माझी पोरगी!" समोरच्या दारातली गोरी म्हातारी बाहेर आली. आतापर्यंत आमचं फक्त हाय-बाय. ती म्हणाली, "बेबी? बेबी?"

"बेबी नो! टू गर्ल टेक! टू गर्ल टेक बेबी!"

हे मीच बोलले. माझं इंग्लिश तेवढंच आहे. बारावीत इंग्लिशमध्येच राहिले, दोनदा, मग लग्न झालं आणि यांच्या मागं मागं इकडं अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावाला आले. तर तेवढं बोलून मी अनवाणी जिना उतरले. मागं म्हातारी फोनवर बोलत होती, मला फक्त 'पोलीस' कळलं. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं. नंतर काय होणार ते कुणाला माहीत.

आता या दोघी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई कोणालाही घरात घेते.

आमच्या अपार्टमेंटची लाँड्री खाली ऑफिसशेजारी आहे, नाणी टाकून चालवायची. सोमवारी तिथं दोन पोरी यायच्या. जीन्स, टी-शर्ट, खिदळायच्या, मशीनवर बसून चिप्स खायच्या. मला वाटलं कॉलेजच्या असतील. मग मंगळवारी त्याच पोरी रस्त्यानं लांब स्कर्ट घालून, छातीला काळा बिल्ला लावून, उन्हात लालबुंद होऊन पायी चाललेल्या दिसल्या. इकडं पायी कोण चालतं? मी, आणि त्या. म्हणून ओळख झाली म्हणा.

मॉर्मन म्हणून लोक आहेत, त्यांच्या चर्चच्या या पोरी. घरदार सोडून दीड वर्ष दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात राहायचं, दारोदार जायचं, देवाचं सांगायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या. एक इथलीच, सोनेरी केसांची, सारखी सॉरी म्हणणारी. दुसरी लांब समुद्रातल्या कुठल्या तरी बेटावरची. सावळी, आपल्यासारखी, दणकट, हसली की सगळे दात दिसणारी. त्यांचे नियम ऐकून मला माझी सासू बरी वाटायला लागली. पहाटे उठायचं, अभ्यास करायचा, सिनेमा नाही, गाणी नाहीत, बॉयफ्रेंड नाही, चहा नाही, कॉफी नाही. आईला फोन आठवड्यातून एकदा. आणि एकटीनं कुठंच जायचं नाही. एक माझ्या बाथरूमला गेली की दुसरी पॅसेजमध्ये उभी राहायची, पहाऱ्यावर असल्यासारखी.

"ती काय खिडकीतून पळून जाणार आहे का?" मी हातवारे करून विचारलं, तर बेटावरची एवढी हसली, एवढी हसली. म्हणाली, "मेबी टुडे!" सोनेरीनं तिला कोपरानं ढोसलं.

चहाचं पहिल्या दिवशी मला लागलं होतं. आलं घालून केलेला चहा समोर ठेवला आणि दोघी नो थँक्यू, नो थँक्यू. आमच्याकडं पाहुण्यानं चहाला नाही म्हटलं तर आपण का ऐकतो? नाही तर सगळेच म्हणतात. मी कप पुढं सरकवला, त्यांनी मागं सरकवला, मी पुढं. शेवटी बेटावरची म्हणाली, गॉड सेज नो. मग मी कोकम सरबत केलं. ते मात्र प्यायल्या, दोन दोन ग्लास.

यांना मी संध्याकाळी सांगितलं तर हे जेवता जेवता म्हणाले, "अगं, आपल्या आज्यानं एकदा धर्म बदललाय. पुरे तेवढं. सारखं सारखं काय बदलायचं?"

"मी कुठं बदलायला निघाले? पोरी कपड्यांच्या घड्या घालून देतात."

"घड्या घालता घालता तुझीच घडी घालतील."

पण येऊ नको म्हणाले नाहीत. सकाळी हे गाडी घेऊन ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि पोर आणि भिंती. मला लायसन्स नाही. त्या आल्या की घरात आवाज व्हायचा. बुद्धाच्या मूर्तीसमोर उभं राहून बेटावरची विचारायची, हा का हसतोय? मी म्हणायचे, हिम नो टेन्शन. एकदा सुकटीची चटणी केली होती, तो वास आल्यावर ती दारातच थांबली, डोळे मिटून. म्हणाली, होम. मग मी तिला पानात वाढलीच, आणि ती बोटं चाटून चाटून खात होती, आणि सोनेरी खिडकी उघडायला पळाली.

सगळं छान. फक्त एक गोष्ट मला खुपायची. माझ्या पोरीला त्या हात लावत नव्हत्या.

पोर रांगत जायची बेटावरचीकडं, स्कर्ट धरून उभी राहायची, हात वर करायची, घे म्हणून. आणि ती बाई आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. हसायची, तोंडं करायची, गाणं म्हणायची, पण हात खाली. सोनेरी पण तशीच. तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण आमच्या घरात कुणी हात लावायचं टाळलं ना, तर आतून काहीतरी जुनं उठतं. माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी शाळेत पाणी वरून ओतायचे. मी ते बघितलेलं नाही. पण कुणी हात मागं घेतला की मला ते बघितल्यासारखं दिसतं. सात समुद्र ओलांडून आले आणि इथं पण माझ्या पोरीला हात लावत नाही कुणी?

मी विचारलं होतं एकदा. सोनेरी म्हणाली, रूल. मुलांना घ्यायचं नाही, मुलांजवळ एकटं थांबायचं नाही, सॉरी, सो सॉरी. मला नाही पटलं. बाळाला घेऊ नका असा नियम कुठला देव करेल? मी म्हटलं, कारण सांगतायत. चहासारखं.

तर त्या दिवशी. त्या आल्या होत्या, सरबत झालं होतं, आणि मला आठवलं की खाली मशीन कधीच थांबलं असेल. कपडे काढले नाहीत तर लोक आपले ओले कपडे उचलून घाणेरड्या टेबलवर फेकतात. पोरीला घेऊन बास्केट उचलता येत नाही. मी म्हटलं, "टू मिनिट. बेबी सी. आय कम."

सोनेरी उभीच राहिली. "ओ नो, वी कान्ट, वी आर नॉट अलाउड..." बेटावरची पण मान हलवत होती. मी हसले. कपाळ माझं, मी हसले! मनात म्हटलं, आज बघतेच. आणि पोरीला उचललं आणि सरळ बेटावरचीच्या मांडीवर ठेवलं. तिचे हात मांड्यांखाली होते, ते आपोआप बाहेर आले. पोर पडेल म्हणून आलेच बाहेर. तिनं पोरीला धरलं, छातीशी धरलं, नाक तिच्या केसांत घातलं. मला एवढं गार वाटलं बघून. मी बास्केट घेऊन पळाले. मागून सोनेरी काहीतरी म्हणत होती, मी वळून पण बघितलं नाही.

आणि वर आले तर दार उघडं.

पोर सापडली, सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. बिल्डिंगच्या दुसऱ्या बाजूला पोस्टाच्या पेट्या आहेत, तिथं बाक आहे, भर उन्हात, सगळ्यांना दिसेल असं. दोघी तिथं बसल्या होत्या. पोर मांडीवर, बिल्ला चावत. बंद घरात लेकराजवळ एकटं थांबायचं नाही म्हणून त्या तिला घेऊन मला शोधायला निघाल्या होत्या, त्या जिन्यानं, आणि मी या जिन्यानं वर. मग चार लोकांच्या नजरेसमोर बसू म्हणून बसल्या. नियम पाळत होत्या बिचाऱ्या.

मी पोर हिसकावून घेतली. ती रडायला लागली, मी रडायला लागले, बेटावरची "सॉरी सॉरी" करत रडायला लागली. आणि तेवढ्यात पोलिसाची गाडी आली.

पोलीस उंच, शांत माणूस. मला वाटलं होतं पोर मिळाली म्हटल्यावर जाईल. नाही गेला. त्यानं त्या दोघींना एका बाजूला उभं केलं, मला एका बाजूला. म्हातारी पण खाली आली होती, ती त्याला सांगत होती की हिनं सांगितलं टू गर्ल टेक. माझेच शब्द. बेटावरचीचे हात मी बघितले, पोटाशी घट्ट धरलेले. ती इथली नाही. व्हिसावर आली आहे, माझ्यासारखीच. लेकरू चोरलं म्हणून नाव लागलं तर काय होईल तिचं? आणि नुसतं घरी परत पाठवलं तरी, तिनंच सांगितलं होतं एकदा, मध्येच परत जाणाऱ्या पोरीकडं गाव कसं बघतं ते. मला लगेच कळलं होतं. आमच्याकडं नांदायला गेलेली परत आली की बघतात तसं.

मी यांना फोन लावला होता. हे गाडीतून बोलत होते, स्पीकरवर.

"पोर ठीक आहे ना? बरं. आता नीट ऐक. तू दिली म्हणू नकोस."

"पण मीच दिली ना."

"अगं, ऐक माझं! अनोळखी लोकांकडं लेकरू टाकून गेली असं होतं ते. इथं पोरं काढून घेतात आईकडून, कळतंय का? आपली ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. म्हण, मी खाली होते, त्यांनी विचारल्याशिवाय उचलून बाहेर नेली. खोटं पण नाही ते. बाहेर न्यायला तू कुठं सांगितलं होतंस?"

खरं होतं ते. बाहेर न्या असं मी म्हटलं नव्हतं.

"त्या पोरींचं काय होईल?"

"त्यांचं चर्च बघेल. तुझ्या पोरीचं कोण बघणार आहे?"

पोलीस माझ्याकडं आला. हळू हळू बोलला, मला कळावं म्हणून. तुम्ही त्यांना बाळाजवळ थांबायला सांगितलं होतं का? यस ऑर नो?

पोर माझ्या कडेवर हुंदके देत होती. फोन हातात चालूच होता, यांचा श्वास ऐकू येत होता. बेटावरची माझ्याकडं बघतच नव्हती, जमिनीकडं बघत होती. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं डोळ्यांनी काही मागितलं असतं तर मला राग तरी आला असता.

"यस," मी म्हटलं. "आय गिव्ह. दे से नो. आय गिव्ह."

फोन बंद झाला.

मला वाटलं मी तिला वाचवलं. पोलिसानं वहीत लिहिलं, त्या दोघींना जा म्हणाला, आणि मला म्हणाला की मुलांची काळजी बघणाऱ्या सरकारी ऑफिसातून कुणीतरी घरी येईल, नुसतं बघायला, घाबरू नका. घाबरू नका म्हणाला तो! सोनेरीला मी म्हटलं, "ओके? नाऊ ओके?" तिनं मान हलवली, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. का ते मला त्याच आठवड्यात कळलं. सोनेरी आली, बरोबर नवीनच पोरगी. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. ती म्हणाली, आमच्या मोठ्यांना आम्हाला सगळं सांगावं लागलं. पोलिसासमोर तुम्ही पण तेच सांगितलं ना, की लेकरू आमच्याजवळ होतं. तोच तर नियम मोडला. लेकरू तिनं धरलं होतं, म्हणून तिला इथून हलवलं.

"हलवलं म्हणजे? होम?"

सोनेरी म्हणाली, मला सांगता येत नाही. मग दोघी खाली उतरून गेल्या.

म्हणजे मी 'त्यांनी नेली' म्हटलं असतं तरी ती गेली असती, आणि 'मीच दिली' म्हटलं तरी गेलीच. आणि वर माझ्या दारात ती ऑफिसची बाई यायची आहे. अजून आलेली नाही. मी रोज घर पुसते, फ्रिज भरून ठेवते, पाळण्यातले कपडे काढून इथल्या पद्धतीनं पोरीला त्यात वेगळं निजवते आणि ती किंचाळते, तिला आईच्या कुशीची सवय. खाली गाडीचं दार वाजलं की मी खिडकीशी. लाँड्रीत जाताना पोर पाठीला बांधून जाते, बास्केट पायानं ढकलत. हे बोलतात, पण कामापुरतं. परवा एवढंच म्हणाले, "ओळख ना पाळख, त्या पोरीसाठी तू माझं लेकरू पणाला लावलंस." मी म्हटलं, "मग काय तिचं लावायचं होतं? ती पण कुणाचं तरी लेकरूच ना?" ते ताट उचलून आत गेले. मी मागं गेले नाही. कारण खरं सांगू, पोरगी झोपली की मी पण हाच हिशोब करत बसते, आणि कधी त्यांचं बरोबर वाटतं, कधी माझं.

शिकलेले असाल तुम्ही, माझ्यापेक्षा जास्त कळत असेल तुम्हाला. तुमच्या कडेवर तुमचं लेकरू असतं, कानाला नवऱ्याचा फोन, आणि समोरचा म्हणतोय, यस ऑर नो. तुम्ही काय म्हटलं असतं?