बोला की, ऐकतोय

“बोला की, ऐकतोय मी.”

हे तो तुमच्याकडे न बघता म्हणायचा. डावा कान तेवढा तुमच्या बाजूला कलायचा, बाकी सगळा माणूस मागात. पाय पावड्यांच्या लाकडी पट्ट्यांवर खालीवर, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात फणी. दोरीला झटका दिला की धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळायचा, फणी धागा ठोकून बसवायची, की पुन्हा दोरी. खट्-खटक, खट्-खटक. तुम्ही गोड बोला, शिव्या द्या, गळा काढून रडा, त्या आवाजात फरक पडायचा नाही.

आता मला सांगा, अशा माणसाच्या शेजारच्या मागावर तुम्हाला बसवलं असतं तर? मला बसवलं होतं. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या मालकाचा हातमागाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं लांबडं छप्पर आणि खाली ओळीनं खड्डे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि लुगडी विणायची. माझा हा शेजारी निजामाच्या मुलखातून आलेला, घरची बोली तेलुगू, मराठी आमच्यासारखीच फर्डी. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. मी म्हणायचो नाही. माझ्याहून वयानं मोठा होता, कबूल. पण जीभच वळायची नाही.

माझं दुखणं वेगळं होतं. मला कुणी “जेवलास का?” एवढं विचारलं तरी हात थांबायचे. उत्तर द्यायला आधी माग थांबवावा लागायचा. बोलणं सोडा, नुसतं मनात काही आलं तरी ठोका हुकायचा. घरातलं रॉकेल संपलंय हे आठवलं, की कापड विरळ. सासऱ्याचं बोलणं आठवलं, की दाट. मालक माझं लुगडं उजेडात धरायचा, त्यातले पट्टे बघायचा आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचा, “काय रे, काल बायकूशी भांडलास व्हय?” लोक हसायचे. शेजारी तोही हसायचा, आणि हसता हसता त्याची खट्-खटक चालूच.

त्याची परीक्षा घेणं हा आमच्या कारखान्याचा खेळच होता. रस्त्यानं जाणारे शाळामास्तर दारात थांबून त्याला दीडकीचा पाढा विचारायचे. समोरचे रंगारी चाचा तर हात धुऊन मागे लागलेले. एकदा म्हणाले, “अरे, तू रेलसे आया ना? सब टेसनां लाइनसे बोल, देखता मैं!” हा म्हणाला, “बोलतो की.” आणि एकेका ठोक्यावर एकेक स्टेशन टाकत निघाला. “वाडी. शहाबाद. गुलबर्गा. दुधनी. अक्कलकोट रोड. होटगी. उतरा चाचा, सोलापूर आलं.” सगळं छप्पर हसलं. चाचांनी त्याला पान खिलवलं. त्यांनी मला कधी सुपारीचं खांडसुद्धा दिलं नव्हतं.

मत्सर वाईट म्हणतात. असेल वाईट. मला तो होता आणि पोटभर होता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं बघून मीही करून पाहिलं. माग सुरू केला आणि मोठ्यानं म्हटलं, “वाडी. शहाबाद.” गुलबर्ग्यापर्यंत पोचलो नाही. दोरीला असा काही हिसका बसला की धोटा मागातून सुटला आणि थेट कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठावर जाऊन आदळला. माठ फुटला. आवाजानं सगळे धावत आले. त्यानं फुटक्या माठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चाचांना हाक मारून म्हणाला, “चाचा, गाडी रुळावरनं घसरली बगा.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण मधे माझी बायको आली.

लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं आमच्या. ती मैंदर्गीकडची. दुपारी भाकरी घेऊन कारखान्यात यायची. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “माग चालू असताना माज्याशी बोलायचं न्हाय.” ती बिचारी गप्प उभी राहायची. मग मी खड्ड्याच्या काठावर भाकरी खायला बसलो की तिचं तोंड सुटायचं, पण माझ्याशी नव्हे. माझ्या तोंडात घास. शेजारचा माग मात्र चालू, आणि कान कललेला. “बोला की वैनी, ऐकतोय मी.” ती त्याला कोडी घालायची. तो धोटा फेकत फेकत ती सोडवायचा, मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचा, आणि माझी बायको पदर तोंडाला लावून हसायची. घरात ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. रात्री ती “अण्णा असं म्हनाले, अण्णा तसं म्हनाले” सुरू करायची आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

आणि एके दिवशी दुपारी त्याचा माग थांबला.

मी जेवत होतो. खट्-खटक चालू होतं, बायको काहीतरी बोलत होती, आणि एकदम सगळं गप्प. मी वर पाहिलं. त्याच्या एका हातात दोरी तशीच, दुसरा फणीवर. ती गोंधळून म्हणाली, “काय झालं वो अण्णा?”

“कुटं काय? धागा तुटला,” तो म्हणाला.

मी हाताच्या अंतरावर बसलो होतो. धागा तुटलेला नव्हता. सगळा उभा ताणा नीट होता, धोटा जागेवर होता. त्यानं खोटंखोटं वाकून काहीतरी जोडल्यासारखं केलं आणि पुन्हा सुरुवात केली. पण ठोका गेला तो गेला. संध्याकाळी मालकानं कापड उजेडात धरलं तर हा मोठा पट्टा. मालकानं सवयीनं आधी माझ्याकडेच पाहिलं. मी म्हटलं, “माजं न्हाय ते.” किती वर्षं वाट पाहिली होती हे म्हणायची! पण सुख लागलं नाही.

कारण विचार करा. माझा माग कुणीही बोललं की थांबत होता. चाचा बोलले तरी, भिकारी बोलला तरी. त्याला काही किंमत नव्हती. त्याचा जन्मात एकदा थांबला, आणि तो माझ्या बायकोपुढे.

घरी गेल्या गेल्या मी विचारलं, “काय म्हनालीस तू त्याला?”

“कुनाला?”

“कुनाला काय! माग थांबला त्याचा.”

“मी काय म्हनणार? मुलंबाळं किती तुमाला, एवडंच इचारलं की.”

माझा विश्वास बसला नाही. एवढ्या साध्या प्रश्नाला थांबणारा तो नव्हे.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला आणि तो रोजच्यासारखा सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आलो होतो, तोंडातून मात्र एवढंच निघालं, “माज्या बायकूशी बोलायचं न्हाय.”

“न्हाय बोलत,” तो म्हणाला. वाद नाही, काही नाही. मग बाजूची पायरी हातानं झाडली. “बस, तम्मी.” तेलुगूत धाकट्या भावाला म्हणतात तसं तो मला म्हणायचा. त्याचाही मला राग यायचा. तरी बसलो.

“एक पोरगी हुती मला,” तो म्हणाला. “मागापाशीच वाडली. खड्ड्याच्या काटाला बसायची. आमच्यात बापाला नान्ना म्हंत्यात. नान्ना, हे काय, नान्ना, ते काय. माग थांबवला तर खायाचं काय? मग लावली सवय. हात कामाला, तोंड पोरीला. ते समदं तिच्यापायी आलं मला.”

त्यानं पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

“लगीनसराईत ताप आला तिला. लुगडी द्यायची हुती. मागाशेजारीच निजवली. ती हाक मारायची, नान्ना. मी म्हनायचो, बोल की, ऐकतोय मी. ती जे जे बोलली त्येला मी उत्तर दिलं. एक सोडलं न्हाय. मग ती गप झाली. मला वाटलं, झोपली.” तो पाण्याकडे बघत राहिला. “लुगडं पुरं करून मग उठलो मी.”

मग म्हणाला, “बायकू म्हनाली, तुजा माग माज्या कानावर नको. म्हनून हितं आलो. हितं समद्यांनी अवगड अवगड इचारलं. हे कुनी इचारलं न्हवतं.”

तुम्हाला वाटेल, माझा मत्सर तिथंच विरघळला. नाही हो. डोळ्यांत पाणी आलं, ते खरं. पण आत कुणीतरी म्हणतच होतं, बघ, याचं दुःखसुद्धा तुझ्याहून मोठं. आणि उठताना तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “तुजा माग थांबतो, तम्मी. थांबू दे त्येला.” मला ते मुळीच आवडलं नाही. मला त्याचे हात हवे होते, आणि हा मला माझेच परत देत होता.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “अण्णा लई बोलायचे. पन मान वळवून कदी बगितलं न्हाय त्येनी. तुमी चिडता, पन थांबता की.” दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी घेऊन आली की माझ्या मागाशी येऊन खुशाल बोलू लागली. मी थांबायचो. मालक ओरडायचा. शेजारी खट्-खटक चालू असायची, पण तो कान आता कुणाकडे कलायचा नाही.

दसऱ्याला तो गावाकडे गेला. “बायकूला बगून येतो. दार उगडती का न्हाय म्हाईत न्हाय,” एवढंच मला म्हणाला. तो परत आला नाही. मालकानं काही दिवस वाट पाहिली आणि त्याच्या खड्ड्यात दुसरा माणूस बसवला. चांगला होता. बोललं की थांबायचा.

पुढे मी घरीच एक माग टाकला. आता मी विणतो आणि बायको आतल्या खोलीत राहाटावर सुताच्या कांड्या भरते. हात म्हातारे झाले, पण खोड गेली नाही. मनात काही आलं की ठोका चुकतो. त्याच्या बायकोनं दार उघडलं असेल का, हे मनात आलं की मग माग थांबतोच. आणि आजही, देवाशपथ सांगतो, पहिल्यांदा मनात येतं ते हेच, की त्याचा माग थांबला नसता.

आतून राहाट थांबल्याचं ऐकू येतं. बायको विचारते, “काय झालं वो?”

“काय न्हाय,” मी म्हणतो. “धागा तुटला.”